एका कळीचे चार अर्थ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे संगणकावर मांडणी, चित्रकाम आणि छायाचित्रांची कामे करणाऱ्या वाचकांची आहेत, आणि त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच आहे : हाताला एक सवय लागावी आणि पडद्यावर भलतेच घडावे. त्यामुळे या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी कोरलड्रॉ शिकलो आणि चार वर्षे फ्लेक्स व लग्नपत्रिकांची कामे केली. आता एका प्रकाशन संस्थेत रुजू झालो असून तिथे फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन वापरतात. कोरलमध्ये कंट्रोल-डी दाबले की वस्तूची दुसरी प्रत तयार होत असे. इथे प्रत्येक ठिकाणी काहीतरी वेगळेच होते. निदान एकाच कंपनीच्या तीन सॉफ्टवेअरमध्ये तरी एकवाक्यता का नसावी? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण उदाहरण नेमके निवडले आहे. कंट्रोल-डी ने फोटोशॉपमध्ये सिलेक्शन, म्हणजे चित्राचा निवडलेला भाग, सुटते, इलस्ट्रेटरमध्ये आधी केलेली हालचाल पुन्हा होते आणि इनडिझाइनमध्ये बाहेरची फाइल पानावर आणण्याची खिडकी उघडते. कोरलमधील दुसरी प्रत धरली, तर एका कळीचे हे चार अर्थ झाले.

याचे कारण इतिहासात आहे. ही तिन्ही सॉफ्टवेअर आज अ‍ॅडोबी या कंपनीच्या एका छपराखाली नांदत असली, तरी ती एका घरात जन्मलेली नाहीत. इलस्ट्रेटर १९८७ मध्ये अ‍ॅडोबीनेच बाजारात आणले. फोटोशॉप थॉमस आणि जॉन नोल या भावांनी लिहिले, अ‍ॅडोबीने त्याचे हक्क घेतले आणि पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. इनडिझाइन १९९९ चे. तोपर्यंत पानांची मांडणी करणारे लोक पेजमेकर किंवा क्वार्कएक्सप्रेसवर मुरलेले होते. पेजमेकर हे ऑल्डस कंपनीचे, १९८५ मधले. ती कंपनी १९९४ मध्ये अ‍ॅडोबीत विलीन झाली. पेजमेकरमध्ये मजकूर किंवा चित्र पानावर आणण्याची आज्ञा कंट्रोल-डी हीच होती, आणि आपल्याकडच्या छापखान्यांत वर्षानुवर्षे तीच दाबली गेली. इनडिझाइनमध्येही ती तशीच आहे. म्हणजे आपल्याला जी विसंगती वाटते, ती आपल्या आधीच्या पिढीतील ऑपरेटरच्या दृष्टीने सुसंगतीच होती. आजही इनडिझाइनच्या शॉर्टकटच्या यादीत पेजमेकर ७.० आणि क्वार्कएक्सप्रेस ४.० या दोहोंचे संच तयार मिळतात. जुन्या गिऱ्हाइकाची इतकी बूज राखलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपाचे आहे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातील फुलाची नक्षी डोळ्यांपुढे आणा. इलस्ट्रेटरमध्ये एक पाकळी काढून ती मध्यबिंदूभोवती ३० अंशांनी फिरवून तिची प्रत केली, की पुढे दहा वेळा कंट्रोल-डी दाबल्यावर बारा पाकळ्यांचे फूल पुरे होते. फोटोशॉपमध्ये छायाचित्र दुरुस्त करणारा माणूस दिवसातून शंभरदा सिलेक्शन करतो आणि शंभरदा सोडतो. इनडिझाइनमध्ये पान लावणारा सतत बाहेरून मजकूर आणि चित्रे आणतो. प्रत्येक ठिकाणी डाव्या हाताला सहज सापडणारी ही कळ त्या त्या धंद्यातील रोजच्या कामाला मिळालेली आहे. तिन्ही सॉफ्टवेअरनी केवळ सारखे दिसण्यासाठी तिचा अर्थ एक करायचा ठरवले, तर तिघांपैकी दोघांचे कारागीर नाराज होतील.

म्हणून कळी जुळतात की नाही, यापेक्षा एकच हालचाल एकाच जातीचे काम करते की नाही, हे मी आधी पाहतो. या कसोटीवर अ‍ॅडोबीची ही तीन सॉफ्टवेअर बऱ्यापैकी उतरतात. व्ही दाबले की वस्तू उचलून हलवण्याचे टूल येते, टी म्हणजे मजकूर, झेड म्हणजे भिंग, आय म्हणजे रंग उचलण्याची पिचकारी आणि टॅब दाबले की सगळी पॅनेल लपतात. कंट्रोलबरोबर झेड, एक्स, सी आणि व्ही या चार कळी तर जगभर एकच अर्थ सांगतात. अ‍ॅपलने लिसा आणि मॅकिन्टॉश या संगणकांवर त्या रूढ केल्या, आणि कळफलकावर त्या शेजारी शेजारी असल्यामुळे हात न हलवता दाबता येतात.

आपली खरी अडचण मात्र कंट्रोल-डी ही नाही. ती शिफ्ट, कंट्रोल आणि आल्ट या तीन कळींची आहे, आणि तिचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, कारण ती लक्षात यायला वेळ लागतो. कोरलमध्ये अचूक चौरस काढायचा तर कंट्रोल दाबून धरावे लागते आणि मध्यापासून आकार वाढवायचा तर शिफ्ट. अ‍ॅडोबीत चौरसासाठी शिफ्ट आणि मध्यापासून वाढवण्यासाठी आल्ट. नावे तीच, कामे मात्र एकेक घर सरकलेली. वेगळा शब्द शिकणे सोपे असते. ओळखीच्या शब्दाचा अर्थ बदलला, की जीभ घसरते. पहिले काही दिवस आकार मनाविरुद्ध चौरस होतील. त्या काळात घाईचे काम असले तरी वेग थोडा कमी ठेवावा, आणि संध्याकाळी कोरलवर घरची कामे करणे शक्यतो टाळावे.

जाता जाता एक कबुली देतो. इनडिझाइनमध्ये कोणतेही टूल हातात असताना डब्ल्यू दाबले, की मार्गरेषा लपतात आणि पान छापल्यावर कसे दिसेल ते दिसते. फोटोशॉपमध्ये याच कळीला जादूची कांडी, म्हणजे सारख्या रंगाचा भाग निवडणारे टूल आहे, इलस्ट्रेटरमध्ये दोन आकारांच्या मधले टप्पे काढण्याचे टूल. परंतु कर्सर मजकुरात असेल, तर डब्ल्यू हे निव्वळ एक अक्षर असते, आणि भारतीय लिप्यांच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्या जागी ऐकाराच्या दोन मात्रा आहेत. मी एकदा एका दरपत्रकाचे पान पाहण्यासाठी डब्ल्यू दाबले, पान काही बदलले नाही म्हणून पुन्हा दाबले आणि फाइल छपाईला पाठवली. ‘दर’ या शब्दाच्या डोक्यावर वाढलेल्या मात्रा मुद्रितशोधकाने पकडल्या. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून पान पाहण्यापूर्वी एस्केप दाबून मजकुरातून बाहेर पडण्याची सवय मी लावून घेतली आहे.

प्रश्न : माझा छायाचित्रांचा स्टुडिओ आहे. मी २००३ पासून फोटोशॉप वापरतो. बरीच वर्षे जुनी आवृत्ती पुरली. आता संगणक बदलल्यामुळे एकदम नवीन आवृत्तीवर आलो. शिफ्ट दाबून चेहरा लहान करायला जावे तर तो चपटा होतो, आणि कंट्रोल-झेड वारंवार दाबून आधीचे आणि नंतरचे पाहण्याची माझी पद्धत तर बंदच पडली. हा बदल कोणासाठी केला? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण म्हणता ते दोन्ही बदल ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या आवृत्तीत एकदम झाले. ते एका वेळी झाले असले तरी एका तोलाचे नाहीत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करणे बरे.

कंट्रोल-झेडचा बदल मला योग्य वाटतो. जवळजवळ इतर सर्व सॉफ्टवेअरमध्ये ही कळ दाबत गेलो की एकेक पायरी मागे जाता येते. फोटोशॉप मात्र एकच पायरी मागे जाई आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर तीच पायरी परत आणी. आणखी मागे जायचे तर कंट्रोल आणि आल्ट यांच्यासह झेड दाबावे लागे. ही पद्धत जुन्या काळातून आलेली होती. १९९८ च्या आवृत्तीत हिस्टरी पॅलेट, म्हणजे केलेल्या पायऱ्यांची यादी, येईपर्यंत फोटोशॉपला एकाच पायरीची आठवण असे. पॅलेट आले, आठवण वाढली, पण कळीचा अर्थ पुढे वीस वर्षे तसाच राहिला. नवशिक्याला तो कायम चकवीत असे.

आपल्यासारख्या रिटचिंग करणाऱ्याला मात्र त्या दोषाचाच उपयोग होता. गालावरचा डाग काढल्यावर कंट्रोल-झेड दोन-चारदा दाबले, की आधीचा आणि नंतरचा चेहरा पापणी लवावी तसा बदलत राहतो आणि हात जास्त चालला आहे का, हे लगेच कळते. ही सोय गेलेली नाही; तिने जागा बदलली आहे. आता तेच काम कंट्रोल-आल्ट-झेड करते, म्हणजे दोन कळींनी आपापसांत घरे बदलली आहेत. जुनीच रीत हवी असेल तर एडिट मेनूतील कीबोर्ड शॉर्टकट्सची खिडकी उघडून ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’ या चौकटीत खूण करावी आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करावे. दुकानात आपण एकटेच काम करत असाल तर तसे जरूर करावे. मदतीला नवीन मुलगा ठेवणार असाल, तर आठवडाभर त्रास सोसून नवी रीत अंगवळणी पाडलेली बरी. तो मुलगा तीच शिकून येईल.

शिफ्टच्या बाबतीत मात्र माझे मत आपल्या बाजूने आहे. पूर्वी कोपरा ओढताना रुंदी आणि उंची यांचे प्रमाण राखायचे तर शिफ्ट दाबावे लागे. आता प्रमाण आपोआप राखले जाते आणि शिफ्ट दाबले की ते सुटते. छायाचित्र मुद्दाम चपटे करण्याची वेळ क्वचित येते, तेव्हा हा विचार वरवर पटण्याजोगा आहे. पण तो अर्धवट अमलात आला. पहिल्या वर्षी छायाचित्रांच्या लेयरला, म्हणजे थराला, नवा नियम लागू झाला आणि रेषांनी काढलेल्या आकारांना जुनाच राहिला. म्हणजे एकाच फाइलमध्ये वरच्या लेयरवर शिफ्ट दाबायचे नाही आणि खालच्या लेयरवर दाबायचे, असा मामला होता. तो फरक पुढच्या मोठ्या आवृत्तीत मिटला. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन यांच्यात मात्र मोकळ्या वस्तूचा कोपरा ओढताना शिफ्ट अजूनही प्रमाण राखण्यासाठीच दाबतात. ज्याच्या पडद्यावर दिवसभर तिन्ही सॉफ्टवेअर उघडी असतात, त्याच्या डाव्या करंगळीने खिडकीगणिक धर्म बदलायचा, ही अपेक्षा वाजवी नाही. एका बाजूला बाकीच्या जगाशी जुळवून घेण्यासाठी कंट्रोल-झेड बदलायचे आणि त्याच दिवशी स्वतःच्या भावंडांशी असलेला मेळ शिफ्टपुरता तोडायचा, यामागचे तर्कशास्त्र मला उलगडलेले नाही.

सुरुवातीला जुन्या सवयीकडे परतण्याचा रस्ताही धड नव्हता. वापरणाऱ्याने स्वतः एक मजकूर-फाइल लिहून ती फोटोशॉपच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवायची, असा तो उपाय होता. २०१९ च्या मध्यावर प्रेफरन्सेसमधील जनरल या भागात ‘यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ अशी साधी चौकट आली. आपण तिच्यात खूण करा. आपला चेहरा पुन्हा शिफ्टने सरळ राहील. खूण न करता काम करायचे असल्यास कोपरा ओढून झाल्यावर एंटर दाबण्यापूर्वी वरच्या पट्टीतील रुंदी आणि उंची यांच्या टक्केवारीवर नजर टाकावी. ते दोन आकडे सारखे असतील तर चेहरा चपटा झालेला नाही.

प्रश्न : मी पतसंस्थांचे अहवाल आणि त्यांच्या जाहिराती तयार करते. युनिकोड फाँटमधला मराठी मजकूर वर्डमध्ये व्यवस्थित दिसतो. इनडिझाइनमध्ये काही पानांवर नीट, काही पानांवर तुटलेला. फोटोशॉपमध्ये तर ‘विक्री’ या शब्दाची पहिली वेलांटी व-च्या पुढे जाऊन बसते आणि क-चा पाय मोडून र वेगळा होतो. फाँट एकच, मजकूर एकच. जुन्या फाँटमध्ये असे कधी होत नव्हते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोष फाँटचा नाही आणि आपल्या टायपिंगचाही नाही. युनिकोडमध्ये ‘वि’ लिहिताना आधी व साठवला जातो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तसा आहे. वेलांटी व-च्या आधी नेऊन काढणे, क आणि र यांचा क्र करणे, हे काम सॉफ्टवेअरमधील अक्षरजुळणी करणाऱ्या यंत्रणेने करायचे असते. तिला कंपोझर म्हणतात. वर्ड हे काम न विचारता करतो. अ‍ॅडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा कंपोझर इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी आहे आणि आपल्या लिप्यांसाठी वेगळा कंपोझर निवडावा लागतो.

खरी पंचाईत पुढे आहे. हा एकच कंपोझर तीन सॉफ्टवेअरमध्ये तीन वेगळ्या दारांआड ठेवलेला आहे. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातील मेनूत ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ या नावाने तो सापडतो. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप या भागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला खूण केल्यावर भारतीय लिप्यांचे पर्याय दिसू लागतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही प्रेफरन्सेसच्या टाइप भागातच जायचे, पण तिथे ‘इंडिक’ हा शब्द शोधू नये. आवृत्तीनुसार ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ किंवा ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असे लिहिलेले आढळेल. सांगलीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात मी वेगवेगळ्या कामांसाठी एका कळीचे अर्थ वेगळे असणे मान्य केले होते. इथे काम एकच आहे, लिपी एकच आहे, कंपनीही एकच आहे. या विसंगतीचे समर्थन मला करता येत नाही.

आपल्या इनडिझाइनच्या फाइलमध्ये काही पाने बिघडतात, याचा अर्थ कंपोझर काही परिच्छेदांनाच लागलेला आहे. तो पानापानावर हाताने लावत बसू नये. पॅराग्राफ स्टाइल उघडून जस्टिफिकेशन या भागात कंपोझर निवडावा, म्हणजे त्या स्टाइलचा सगळा मजकूर एकदम दुरुस्त होईल. एकही फाइल उघडी नसताना हाच बदल केला, तर पुढच्या प्रत्येक नव्या फाइलला तो आपोआप लागतो. फोटोशॉपमध्ये सेटिंग बदलल्यानंतर नवे डॉक्युमेंट उघडून त्यात एक ‘विक्री’ लिहून पाहावी. ती नीट उमटली की मग जाहिरातीला हात घालावा.

जुन्या फाँटमध्ये असे होत नव्हते, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. ते फाँट इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी चित्रे बसवून केलेले होते. सॉफ्टवेअरच्या समजुतीप्रमाणे ते इंग्रजीच जुळवीत असे. वेलांटी हे त्याच्या लेखी एक स्वतंत्र अक्षर होते आणि टाइपरायटरच्या पद्धतीने काम करणारा ऑपरेटर ती व-च्या आधी स्वतःच दाबत असे. त्यामुळे पेजमेकर असो, कोरल असो की फोटोशॉप, सगळीकडे मजकूर सारखाच दिसे. मोबदल्यात तो मजकूर शोधता येत नसे, आणि फाँट बदलला की पानभर निरर्थक खुणा उमटत. पतसंस्थेचा अहवाल पुढे संकेतस्थळावर जाणार असेल तर जुन्या फाँटकडे वळण्याचा विचारही करू नये.

आपण इन्स्क्रिप्ट वापरत नसाल तर तोही शिकून घ्यावा, असे या निमित्ताने सुचवतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात या कळफलकाचा समावेश आहे. त्यात के या कळीवर क असतो, आणि गुजराती, कन्नड, बंगाली या लिप्यांतही त्या कळीवर त्यांचा क-च असतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे. अहवालाची कन्नड आवृत्ती काढण्याची वेळ आली तर लिपी नवी असेल, पण हाताला वाट माहीत असेल.

प्रश्न : लग्नांचे व्हिडिओ संपादित करण्यासाठी मी प्रीमियर सोडून दाविंची रिझॉल्व्हवर जात आहे. शॉर्टकट पुन्हा शिकू, की जुनेच बसवून घेऊ? आमच्याकडे एका संगणकावर आम्ही तिघे जण पाळीपाळीने बसतो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : जे, के आणि एल या तीन कळींची चिंता करू नये. चित्रफीत मागे नेणे, थांबवणे आणि पुढे नेणे हा त्यांचा अर्थ एव्हिड, फायनल कट, प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या चारही ठिकाणी एकच आहे. या धंद्याने एवढी एक गोष्ट एकमताने ठरवलेली दिसते. उरलेल्या कळींसाठी रिझॉल्व्हमध्ये प्रीमियरचा तयार संच आहे. शॉर्टकटच्या खिडकीतून तो निवडता येतो.

तो निवडावा की नाही, हे बाकीच्या दोघांवर अवलंबून आहे. तिघेही प्रीमियरहूनच आलेले असाल तर खुशाल निवडा. एक जरी जण रिझॉल्व्हच्या मूळ शॉर्टकटवर शिकलेला असेल, तर प्रत्येकाने आपला संच वेगळ्या नावाने साठवावा, पाळी सुरू होताच आपला संच लावावा आणि उठताना मूळ संच परत लावावा. संचाची एक प्रत पेन ड्राइव्हवरही असू द्यावी, कारण सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याची वेळ बहुधा लग्नसराईतच येते. त्रिमितीय चित्रांसाठी लागणारे ब्लेंडर या बाबतीत शहाणपणाने वागले. त्याने २०१९ च्या २.८० या आवृत्तीत वस्तू निवडण्याचे काम उजव्या बटणावरून डाव्या बटणावर आणले, पण पहिल्यांदा उघडताच समोरच्या खिडकीत डावे हवे की उजवे, हे विचारून घेतले. रिझॉल्व्ह पाळी बदलल्यावर तसे काही विचारणार नाही. तेव्हा सध्या कोणाचा संच लावलेला आहे, ते सांगणारी एक चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवावी.